के दिहुआ : शिजियाझुआंगचा सोलापूरकर

[दृश्य : पहाट. उंच झाडांमधला लांब रस्ता. खराट्याचा आवाज.]

खराटा सगळीकडे सारखाच वाजतो. हा शिजियाझुआंगमधला आहे. हेबेई प्रांताची राजधानी, बीजिंगहून वेगवान रेल्वेनं सव्वा तासाच्या आसपास. शंभर-सव्वाशे वर्षांमागं इथं एक साधं खेडं होतं. रेल्वे आली आणि खेड्याचं शहर झालं.

शहराच्या मध्यावर, झोंगशान रस्त्याला लागून, हे हुतात्मा उद्यान आहे. खरं तर ही दफनभूमी. जपानविरोधी युद्धात आणि त्यानंतरच्या यादवीत कामी आलेले उत्तर चीनचे सेनाधिकारी इथं विसावलेत. पण सकाळच्या या वेळी पाहा. हात पाठीमागं बांधून फेऱ्या मारणारे आजोबा, बाकावर ठेवलेले चहाचे थर्मास, नातवाच्या मागं धावणारी आजी. आपल्याकडं स्मशानाच्या वाटेला कुणी फिरायला जात नाही. इथं लोक रोज येतात.

[दृश्य : बेथून यांचा पुतळा, मग झाडांमागचा दुसरा पुतळा. सावकाश जवळ.]

या सगळ्या चिनी नावांमध्ये परदेशी डॉक्टर ठळकपणे दिसतात. पहिले कॅनडाचे नॉर्मन बेथून. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, विष भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. चीनमध्ये त्यांचं नाव शाळकरी पोरालाही पाठ असतं.

आणि हे दुसरे. खाली तीन चिनी अक्षरं आहेत : के, दी, हुआ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. मुक्काम पोस्ट सोलापूर.

[दृश्य : तिसऱ्या अक्षरावर कॅमेरा थांबतो.]

हे शेवटचं अक्षर नीट पाहून ठेवा. ‘हुआ’ म्हणजे चीन. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर इथं आले. अलाहाबादचे मदनमोहन अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बासू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेपटीला हे ‘हुआ’ लागलं. अटल यांचं स्मारकही याच आवारात आहे. पाचांतले दोन आपल्या मुलखातले होते, हे मात्र आपण चोळकरांच्या बाबतीत साफ विसरलो.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. बोट, गणवेशातले पाच जण.]

जपाननं चीनवर चाल केली होती. सेनापती झू दे यांनी नेहरूंकडं डॉक्टरांची मागणी केली. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा सुभाषबाबू. त्यांनी लोकांना आवाहन केलं, वर्गणी गोळा झाली. स्वतः गुलाम असलेला देश दुसऱ्याच्या लढाईसाठी पैसे जमवत होता. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेला, अठ्ठाविशीही न गाठलेला द्वारकानाथ तयार झाला. १ सप्टेंबर १९३८ला ‘राजपुताना’ बोट मुंबईहून सुटली.

[दृश्य : संग्रहालय. काचेच्या पेटीत एक वही. बाकी सगळं धूसर.]

संग्रहालय छोटंसंच आहे. शस्त्रक्रियेची हत्यारं आहेत, माओंबरोबरची छायाचित्रं आहेत. आमचा कॅमेरा मात्र या पेटीपाशी अडकला. ही कोटणीसांची शब्दवही. बोटीवरच, चीनचा किनारा दिसायच्या आधी, त्यांनी चिनी शब्द टिपायला घेतले होते.

डॉक्टरला ही भाषा किती छळत असेल, त्याचा एक मासला. ‘याओ’ हा शब्द घ्या. वरच्या पट्टीत सपाट म्हटला तर कंबर. वरून खाली सोडला तर औषध. खाली नेऊन पुन्हा वर उचलला तर चावणं. ‘याओ, याओ’ करत रुग्ण आला, तर त्याची कंबर धरलीये, त्याला औषध हवंय, की कुत्रं चावलंय? चूक सुराची आणि भोग पेशंटचा. कोटणीस पुढं वैद्यकीय शाळेत चिनीतून शिकवू लागले, शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहू लागले. त्याची सुरुवात ही अशी, हलणाऱ्या बोटीवर, या वहीत.

[दृश्य : डोंगरी गाव, दगडी भिंती, वाळत घातलेली कणसं.]

फेब्रुवारी १९३९ मध्ये ही मंडळी येनानला, माओंच्या कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर, पोचली. त्याआधी वाटेतच सोलापूरहून वडील गेल्याचं कळलं होतं. कोटणीस परतले नाहीत. अटल, चोळकर, मुखर्जी वर्षभरात मायदेशी आले. बासू येनानला राहिले. कोटणीस तायहांग डोंगरातल्या आघाडीवर गेले.

१९४०च्या हिवाळ्यापूर्वीची मोठी मोहीम. तेरा दिवसांत आठशेवर जखमी आले. ५८५ शस्त्रक्रिया झाल्या. रुग्णालय म्हणजे खेचरांच्या पाठीवरच्या पेट्या. शत्रू जवळ आला की पेट्या बांधायच्या आणि डोंगर ओलांडायचा.

गावातली माणसं त्यांना ‘लाओ के’ म्हणत. ‘लाओ’ म्हणजे शब्दशः म्हातारा, पण वापर आपुलकीचा, आपण नावापुढं ‘राव’ लावतो तसा. आणि आणखी एक नाव होतं : ‘हेइ मामा’. काळी आई. रंगावरून पडलेलं असणार, उघड आहे. पण मराठी कानाला ‘काळी आई’ म्हटलं की दुसरंच काही ऐकू येतं. पावसाची वाट पाहणारं रान. सोलापूरच्या माणसाला तर विचारूच नका.

[दृश्य : लग्नाचं छायाचित्र. मग बाळाला घेतलेली आई.]

जून १९४०. बेथून यांच्या समाधीच्या समारंभात गुओ चिंगलान या परिचारिकेनं त्यांना पहिल्यांदा पाहिलं. हा परदेशी डॉक्टर चिनी बोलतो, इतकंच नाही, लिहितोसुद्धा, याचं तिला अप्रूप वाटलं. म्हणजे पुन्हा वहीच कामाला आली! जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत. ‘हुआ’ तुम्हाला आता माहीत आहे.

९ डिसेंबर १९४२. अपस्माराचे झटके, वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

[दृश्य : समाधी. निवेदन नाही. वारा.]

माओंनी शोकसंदेशात लिहिलं, सैन्यानं मदतीचा हात गमावला, राष्ट्रानं मित्र. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण पुरं होण्याआधी, १९६७ मध्ये गेला. चिंगलान २०१२पर्यंत होत्या.

[दृश्य : दोन टपाल तिकिटं, शेजारी शेजारी.]

डावीकडचं तिकीट चीनचं, १९८२चं. उजवीकडचं आपलं, १९९३चं. मधे १९६२ येऊन गेलं, मान्य. पण मग चीनलाही १९६२ तेवढंच होतं की! सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक झालं ते २०१२ साली. आम्ही तिथं गेलो त्या दिवशी फाटकाला कुलूप होतं, म्हणून त्याची दृश्यं तुम्हाला दिसणार नाहीत.

याच शिजियाझुआंगमध्ये कोटणीसांच्या नावानं वैद्यकीय शाळा आहे. नवे विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात.

[दृश्य : उद्यान. छिंगमिंगचे दिवस. पांढरी-पिवळी शेवंती.]

एप्रिलच्या सुरुवातीला इथं छिंगमिंग असतो. पूर्वजांच्या समाध्या झाडायच्या, धुवायच्या, फुलं वाहायची. आपला पितृपंधरवडाच, फक्त वसंतात. या आजोबांनी खिशातून फडकं काढलं, बाटलीतलं पाणी ओतून ओलं केलं, आणि चौथऱ्याची कड पुसायला घेतली. एका कोपऱ्यात पक्ष्याची शीट वाळली होती. ती नखानं खरवडून काढली. आम्ही हे करायला सांगितलं नव्हतं. कॅमेरा लावलेला होता, एवढंच.

[दृश्य : आजोबा कॅमेऱ्याकडं पाहतात. मूळ आवाज सुरू.]

आम्ही कुठले, त्यांनी विचारलं. ‘इंदू’, म्हणजे भारत, म्हटल्यावर त्यांनी पुतळ्याकडं बोट केलं. मग त्यांना हवं होतं ते वेगळंच. याचं खरं नाव काय, तुमच्या भाषेतलं? आमच्या ध्वनिमुद्रकानं हेडफोन काढून सांगितलं, कोटणीस.

को-ता-नी-स, आजोबा म्हणाले.

णी, णी. जीभ वर, टाळ्याला लावून.

चिनीत ‘ण’ नाही. आजोबांनी चारदा म्हणून पाहिलं, चारही वेळा ‘नी’च आलं. पाचव्या खेपेला त्यांनी तोंडासमोर बोट धरून जिभेची जागा विचारली. ध्वनिमुद्रकानं आ केला.