कुटीवरचा लाल दिवा

(दृश्य : मे महिन्यातली दुपार. पोपटखेडच्या वरचं पानगळ झालेलं जंगल.)

अकोट मागे टाकून पोपटखेडवरून मेळघाटात शिरलं, की मोबाइलच्या दांड्या एकेक करत गळतात. पुढे डोंगरात एका माणसाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचवतो तो वायरलेस. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम. या चार महिन्यांत संरक्षण कुटीवरच्या, म्हणजे जंगल राखायला बांधलेल्या झोपडीवरच्या, वनरक्षकाची सारी भिस्त कमरेच्या वॉकीटॉकीवर असते.

तिच्या माथ्यावर, अँटेनाच्या बुडाशी, ज्वारीच्या दाण्याएवढा एक दिवा आहे. नवा वनमजूर त्याच्याकडे चौकातल्या सिग्नलसारखं पाहतो. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड. तसं नसतं. बहुतेक सेटवर आपण बटण दाबून बोललो की दिवा लाल होतो आणि समोरून कोणी बोललं की हिरवा.

"दादा, लाल लागून राहिला! बिघडला का जी?"

"बटन दाबलं तं लागनच ना. सोडल्यावरही राहिला, तं सांग मले."

(दृश्य : बटणाच्या फटीतली माती जवळून.)

सोडल्यावरही विझत नाही, त्या लाल दिव्याची भीती बाळगायला हवी. बटण मातीने अडकलेलं असतं, नाहीतर सेट पिशवीत दाबला गेलेला असतो. टेकडीवरचा रिपीटर, म्हणजे आवाज पुढे पोचवणारं यंत्र, एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि ऐकलेलं त्याच क्षणी दुसरीवरून पुढे पाठवतो. बोलणं कोणतं आणि नुसतं दाबलेलं बटण कोणतं, हे त्याला कळत नाही. एका अडकलेल्या बटणाने सगळा चॅनल बंद पडतो. काही सेट ठरावीक वेळानंतर आपोआप बोलणं तोडतात, पण सगळ्यांवर ती सोय चालू केलेली नसते. त्याच वेळी पलीकडच्या बीटवर, म्हणजे दुसऱ्या वनरक्षकाच्या हद्दीत, कुणाला धूर दिसला, तर तो सांगणार कसा?

लाल दिवा लुकलुकू लागला, तर बऱ्याच सेटवर त्याचा अर्थ बॅटरी उतरली असा. इथे माणूस फसतो, कारण ऐकू तर स्वच्छ येत असतं. ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला कितीतरी जास्त. म्हणून आवाज येत राहतो आणि बटण दाबताच सेट मरतो. लुकलुक दिसली की गप्पा थांबवाव्यात, उरलेली वीज एका कामाच्या निरोपासाठी राखावी.

(दृश्य : कुटीचं पत्र्याचं छप्पर. खाली चार्जर.)

अकोल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. पत्र्याखाली त्याहूनही तापतं. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते, म्हणून चांगला चार्जर अशा वेळी थांबतो आणि दिवा वेगळ्या रीतीने लुकलुकवतो. लोक समजतात बॅटरी गेली. तिला माठाजवळच्या सावलीत ठेवा, पाण्यात मात्र बुडवू नका. कितीतरी चांगल्या बॅटऱ्या या एका गैरसमजापायी टाकून दिल्या जात असतील, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हिरवा लागतो, पण आवाज येत नाही? आधी आवाजाचं बटण पाहा. तेही ठीक असेल, तर कुणीतरी त्याच फ्रिक्वेन्सीवर आहे, पण त्याच्या सेटचा टोन, म्हणजे आवाजासोबत जाणारा ओळखीचा सूर, आपल्याशी जुळत नाही. ते काम वायरलेसच्या मेकॅनिकचं.

पावसाळ्यात बेस सेटवर, म्हणजे एका जागी बसवलेल्या मोठ्या सेटवर, अँटेनात बिघाड असल्याचा इशारा लागला, तर केबलच्या जोडात पाणी शिरलंय का ते आधी बघावं. पुन्हापुन्हा बटण दाबू नये. बाहेर न पडलेली ताकद उलटी फिरते आणि सेटच तापवते.

कंपनी बदलली की खुणा बदलतात. म्हणून त्या त्या सेटच्या खुणा मराठीत आणि कोरकूत लिहिलेला एक कागद प्रत्येक कुटीच्या भिंतीवर असावा. खोक्यात येणारं पुस्तक बहुधा इंग्रजी असतं.

(दृश्य : संध्याकाळ.)

ऊन उतरलंय. सावलीत ठेवलेली बॅटरी चार्जरने आता धरलीय. वनरक्षक दारातच बसून आहे. चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावर तो सेट उचलतो, अंगणात मोकळ्यावर येतो, बटण दाबतो आणि माथ्यावरचा लाल ठिपका पाहूनच बोलायला सुरुवात करतो.