रेघ वर आलेली की आत गेलेली?

(ठाण्यातील नाणेसंग्राहकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. चुकीची छपाई असलेलं नाणं हाती आलं की पहिला प्रश्न येतो, "याचे किती मिळतील?" किमतीकडे वळण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: नाण्यावरची खूण टाकसाळीत पडली, की नाणं बाहेर आल्यावर?

त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि बाजूने तिरका पडणारा उजेड पुरतो. हे एक रुपयाचं नाणं बघा. काठापासून केसासारखी बारीक रेघ निघते, 'भारत'मधल्या 'भ'ला छेदते आणि सिंहमुद्रेच्या पायथ्याशी विरते. नाणं हळूहळू फिरवा. रेघेची सावली तिच्या शेजारी पडते, म्हणजे रेघ वर आलेली आहे. ओरखडा असता तर धातू खणला गेला असता आणि सावली खाचेतच राहिली असती. नाण्यावर छाप उमटवणारा ठसा पोलादाचा असतो, त्यावर चित्र उलटं आणि खोल असतं. आघात सोसून सोसून त्याला तडा जातो, पुढच्या दाबाला कोऱ्या चकतीचा धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. पुढे काठाजवळचा तुकडाच उडाला तर तिथली अक्षरं जाऊन नुसता धातूचा उंचवटा दिसतो. खाच, पोचा, घासलेली जागा मात्र बहुतेक वेळा बाहेरची करणी असते.

मला स्वतःला झिजलेल्या ठशाचं फार आकर्षण आहे, आणि आपल्याकडे त्याकडेच दुर्लक्ष होतं. नाणं हाताळून झिजतं तेव्हा आधी उंच भाग सपाट होतात आणि तिथली चमक जाते. ठसा झिजलेला असेल तर नाणं कोरं, लखलखीत असतं, पण अक्षरांच्या कडा मऊ पडून काठाच्या दिशेने ओढल्या जातात. मोकळ्या जागेत मधून काठाकडे जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात. लोक अशी नाणी 'छाप नीट नाही' म्हणून बाजूला टाकतात. पण एकाच ठशाची नाणी गोळा करून तडा लहान, मग मोठा, मग तुटलेला काठ, अशी ओळ लावली, तर त्या ठशाचं सगळं आयुष्य समोर मांडलं जातं. हाताने पाडलेल्या शिवराईच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याच्या, अभ्यासातही ठसे असेच जुळवावे लागतात. शिवराईवर 'श्री राजा शिव'मधली अक्षरं काठाबाहेर गेली असतील तर ती चूक मानू नका. ठसा अनेकदा चकतीपेक्षा मोठा असे आणि घाव हातोड्याचा. त्या काळी हे नेहमीचंच होतं.

आता कापलेल्या काठाचं नाणं. लाटलेल्या पोळीतून वाटीने पुऱ्या पाडाव्यात तशा पत्र्यातून चकत्या पाडतात. आधीच्या भोकावर चकती पाडणारं हत्यार पडलं की चकतीला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी येतो. घरी कानस मारूनही असं नाणं बनवता येतं, म्हणून कापाच्या बरोबर समोरचा काठ बघा. टाकसाळीत चकतीचा काठ दाबून उचलला जातो. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही पुरेसा दाब बसत नाही, आणि तिथला काठ बऱ्याचदा फिका, बसका राहतो. कापाजवळची अक्षरंही किंचित ताणलेली दिसतात. कानस मारलेल्या नाण्यात समोरचा काठ ठणठणीत असतो. काट्यावर वजनही करा, किती धातू कमी आहे ते कळतं. उदाहरणार्थ, 1992 पासूनचं तांबं-निकेलचं पाच रुपयांचं जाड नाणं 9 ग्रॅमचं असतं.

दुहेरी अक्षरांबद्दल थोडक्यात. अक्षराला लागून सपाट, बसकी, पायरीसारखी दुसरी कड म्हणजे आघातानंतर ठसा किंचित हलला. ते बरंच आढळतं. मूळ ठसाच दुहेरी असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर उठलेली असतात आणि त्यांच्या टोकांना फाटा दिसतो.

काही गोष्टी चुका नाहीतच. सालाखाली खूण नसेल तर नाणं कोलकात्याच्या टाकसाळीचं. पत्त्यांतल्यासारखी चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा. रुपयाचं चिन्ह नसलेलं दहाचं नाणंही खोटं नाही, ते चिन्ह नाण्यांवर 2011 पासून आलं. इथे जांभळी नाक्याच्या बाजारात कुणी असं नाणं नाकारलं तर त्यांना शांतपणे सांगा, की दहाच्या नाण्याचे तोवर आलेले 14 नमुने सगळे वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच स्पष्ट केलं होतं. जुन्या नाण्यांचे लाखो रुपये देतो म्हणत आधी शुल्क मागणाऱ्यांना तर एक पैसाही देऊ नका. बँकेचं नाव वापरून चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल तिनेच 2021 मध्ये सावध केलं आहे.

घरी गेल्यावर एकाच सालाची, एकाच टाकसाळीची रुपयाची नाणी वेगळी काढा. ती घासू नका, धुऊ नका. प्रत्येकाच्या काठाभोवती भिंग फिरवा आणि तडा दिसला तर कुठून कुठे जातो ते कागदी पाकिटावर लिहून ठेवा. त्याच जागी तडा असलेलं दुसरं नाणं सापडलं, की तुमची पहिली ओळ सुरू झाली.