नाव सांगितल्यावर पुढे काय?

नमस्कार श्रोतेहो.

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की घरोघरी एक विषय निघतोच. निकाल लागेपर्यंत पोरं काय करणार? बरीच मुलं या सुट्टीत काम शोधायला निघतात. कुणाला मेडिकल दुकानात उभं राहायचं असतं, कुणाला गॅरेजवर जायचं असतं. आयटीआय केलेल्यांचं लक्ष एमआयडीसीतल्या अप्रेंटिसच्या जागेकडे असतं. काम कुठलंही असो, आधी एका अनोळखी माणसासमोर उभं राहून ‘मी कोण’ हे सांगावं लागतं. माझ्या वर्गात व्यवसाय अभ्यासक्रमाची मुलं-मुली असतात. चांगली हुशार, हाताला वळण असलेली मुलं या एका जागी अडखळतात. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

ओळख कशी करून द्यायची, हे आपण मुलांना लहानपणी शिकवतो. नाव, गाव, वडील काय करतात, घरात माणसं किती, छंद वाचनाचा. पाहुण्यांसमोर ते ठीक आहे. दुकानाच्या मालकाला मात्र त्यातून काहीच कळत नाही. त्याच्या डोक्यात वेगळंच चाललेलं असतं. या पोराच्या हाती काय सोपवता येईल? गल्ल्यावर बसवू का? गिऱ्हाइकाशी नीट बोलेल का? उद्या वेळेवर येईल का? म्हणून माझं सांगणं एकच असतं. नाव आणि इयत्ता झाली की लगेच, आजवर तुम्ही स्वतः केलेलं एखादं काम सांगा. अगदी नेमकं सांगा.

यावर मुलं म्हणतात, आम्ही अजून कुठे काय काम केलंय!

अकरावी कॉमर्सच्या एका मुलीचं सांगते. तिला किराणा दुकानात बिलिंगचं काम शिकायचं होतं. वर्गात सराव घेताना तिला विचारलं, ‘काय काय येतं तुला?’ मान खाली घालून म्हणाली, ‘काहीच नाही.’ मग विचारलं, कॉलेजमधून घरी गेल्यावर काय करतेस? तर घरची पिठाची गिरणी. यंत्राचं वडील बघतात, पण संध्याकाळी येणारं-जाणारं दळण सगळं हिच्याकडे. बोलती झाली आणि मी ऐकतच राहिले. डबा आला की आधी वजन करायचं, मग खडूनं नाव टाकायचं. ज्वारीवर गहू टाकायचा नाही, गव्हावरच गहू टाकायचा, नाहीतर बाई दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत येते. पीठ हाताला भरड लागायला लागलं की जात्याला टाकी लावायची वेळ झाली, हे वडिलांच्या आधी हिला कळतं. उधारीची वहीसुद्धा हीच लिहिते. आणि ही मुलगी म्हणते, मला काही येत नाही!

तिनं मग स्वतःची ओळख नव्यानं तयार केली. ती अशी होती: ‘नमस्कार काका. मी अकरावी कॉमर्सला आहे. आमची पिठाची गिरणी आहे. रोज संध्याकाळी वजन, हिशेब आणि उधारीची वही मी बघते. मला बिलिंग शिकायचंय. सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी दहाला येऊ शकते.’ सुरुवातीला नाव, बाकी एवढंच. अर्ध्या मिनिटात संपतं. दुकानदारानं लगेच विचारलं, ‘उधारी मागताना भांडण नाही होत?’ ती म्हणाली, ‘होतं ना. म्हणून मी दळण हातात देतानाच वही दाखवते.’ तिथून पुढे तिला काही पाठ करून बोलावं लागलं नाही. तो त्याच्या धंद्याचं विचारत गेला, ती तिच्या धंद्याचं सांगत गेली.

मुलांनो, तुमच्याही घरी असं काहीतरी असतंच. डेअरीवर दूध घालायला जाताय आणि फॅट किती लागली ते रोज बघताय. गणपतीच्या मंडळाची वर्गणी गोळा करून पावत्या फाडल्यात. आजीला दवाखान्यात नेऊन केसपेपर काढलाय. लहान भावाचा अभ्यास घेताय. ही सगळी कामं आहेत. फक्त ‘मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे’ असं सांगू नका, कारण ते कुणीही म्हणू शकतं. ‘मंडळाच्या पावतीपुस्तकांचा हिशेब माझ्याकडे होता आणि तो जुळला’ एवढं सांगितलंत की प्रामाणिकपणाबद्दल वेगळं बोलावं लागत नाही.

आयटीआयच्या मुलांना एक वेगळी गोष्ट सांगते. ‘सर, मला सगळं येतं’ हे वाक्य ऐकलं की सुपरवायझर सावध होतो. फिटर ट्रेडला असलेला मुलगा असेल तर त्यानं सांगावं की मी फायलिंग करून, म्हणजे कानशीनं घासून, चौकोनी लोखंडी तुकडा, म्हणजे जॉब, काटकोनात आणलाय, व्हर्निअर कॅलिपरनं ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप घेतो. लेथ मशीनवर अजून हात बसलेला नाही, असंही खुशाल सांगावं. शक्य झालं तर तो जॉब रुमालात गुंडाळून सोबत न्यावा. जाणकार माणूस तो हातात घेतो, ट्राय स्क्वेअर, म्हणजे गुण्या, लावतो, उजेडाकडे धरून फट दिसते का ते बघतो. मग तो त्या फटीबद्दल बोलायला लागतो. यापेक्षा चांगली मुलाखत मी तरी पाहिलेली नाही.

काम करत शिकायची ही वाट आपल्याकडे जुनीच आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं आणि गावाला उपयोगी पडेल असं काहीतरी करून द्यायचं, ही तिथली पद्धत. मुलं वेल्डिंग शिकतात, विजेची जोडणी शिकतात, शेतीची कामं शिकतात. पुढे हा अभ्यासक्रम कितीतरी शाळांमध्ये गेला. त्याच्याही आधी कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही गोष्ट महाराष्ट्रात रुजवली. ज्या मुलानं शिकताना कुणासाठी तरी खरं काम केलंय, त्याला स्वतःबद्दल बोलायला विषय शोधावा लागत नाही. शाळांनी याचा मनापासून विचार करावा, असं मला फार वाटतं. वर्षातून एकदा बायोडेटाचा नमुना फळ्यावर लिहून देऊन हे साधत नाही.

आता भाषेचं. इंग्रजीत पाठ केलेला परिच्छेद घडाघडा म्हणणारी मुलं पहिल्याच उलट्या प्रश्नाला गप्प होतात. समोरचा मराठीत बोलत असेल तर मराठीतच बोला, तुमच्या बोलीत बोला. वऱ्हाडी असो, मालवणी असो, अहिराणी असो, लाजायचं कारण नाही. जिथे कामच इंग्रजीतून चालतं तिथे इंग्रजीत बोला, पण स्वतः जुळवलेली चार साधी वाक्यं बोला.

मोबाईलवरून ओळख देताना बरीच मुलं घाई करतात. ‘सर जॉब आहे का’ एवढाच मेसेज आला तर कोण उत्तर देणार? नाव, इयत्ता, गाव, केलेलं एक काम, कुठलं काम हवंय आणि कधी येऊ शकता, हे एकाच मेसेजमध्ये लिहा. दुकानात प्रत्यक्ष जाणार असाल तर गिऱ्हाइकांची गर्दी नसेल अशा वेळी जा. संध्याकाळी सातला, काउंटरवर झुंबड असताना, कुणी तुमचं ऐकून घेणार नाही.

वय मात्र खरंच सांगा. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलांना कुणीही नोकरीवर ठेवू शकत नाही आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावता येत नाही. या वयाच्या मुलांकडून संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात काम करून घेता येत नाही. तीन तास काम झालं की निदान तासभर विश्रांती, आणि सगळं मिळून दिवसाचे सहा तास, त्याहून जास्त नाही. ओव्हरटाइम नाही. अप्रेंटिससाठी १९६१ चा वेगळा कायदा आहे. त्यात रीतसर करार होतो आणि स्टायपेंड मिळतो. तेव्हा ‘माझं वय सतरा आहे, मी दिवसाला सहा तासच थांबू शकते’ असं म्हणणं उद्धटपणा नाही. कुणी कामासाठी डिपॉझिट मागितलं किंवा दाखल्याची मूळ प्रत ठेवून घेतो म्हणालं, तर तिथून उठा. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवून परत घ्या.

आई-वडिलांनाही एक विनंती आहे. पहिल्यांदा मुलाबरोबर जरूर जा, विशेषतः मुलीबरोबर. जागा कशी आहे, माणसं कशी आहेत, ते डोळ्यांनी बघा. पण मालकानं मुलाला प्रश्न विचारला तर उत्तर त्यालाच देऊ द्या. ‘तो जरा लाजाळू आहे हो’ असं तुम्ही म्हणालात की पुढे तो तोंड उघडत नाही.

आणि दुकानदार, कारखानदार मंडळी, तुमच्यासमोर सोळा-सतरा वर्षांचं पोर उभं असतं. आवाज कापत असतो, तळहाताला घाम असतो. ‘स्वतःबद्दल सांग’ असं म्हणून त्याच्याकडे बघत बसू नका. घरी काय काम करतोस, ते कसं करतोस, कुठे अडतं, असं विचारा. जागा नसेल तर तसं तिथल्या तिथे स्पष्ट सांगा, ‘बघू, फोन करतो’ म्हणून त्याला आठ-आठ दिवस फोनकडे बघत ठेवू नका. आणि जमलं तर शेजारच्या दोन दुकानांची नावं त्याला सांगा, जिथे माणूस हवा आहे.

नमस्कार.