हद्द तिच्याभोवती फिरते

[दृश्य: वढवाणा तलाव, सकाळ. काठच्या चिखलात चक्रवाक बदकांची जोडी.]

या जोडीतल्या मादीवर नजर ठेवा. पांढुरक्या चेहऱ्याची, ती मादी. शेजारचा नर अंगाने जरा थोराड. आत्ता दोघंही निवांत चरतायत.

तिसरा चक्रवाक उतरला. तिने मान खाली घातली, लांब ताणली, चोच थेट त्याच्यावर रोखली आणि कर्कश ओरडायला लागली. चार पावलं त्याच्या अंगावर धावली, उलट फिरून नराजवळ आली, पुन्हा धावली. आणि मग नर सुटला!

लढतो नर, पण लढायला लावते ती. ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेन्झ यांनी बदकांच्या माद्यांची ही चिथावणी बारकाईने अभ्यासली. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी १९७३ साली तिघांना नोबेल मिळालं, त्यांतले ते एक. मॅलार्ड या रानबदकाच्या मादीत त्यांना आणखी नवल दिसलं: शत्रू समोर असला तरी ती मान खांद्यावरून मागे वळवते, जणू ती हालचाल अंगातच मुरली आहे. चक्रवाकीचं मात्र सरळ काम. ज्याला हाकलायचं त्याच्याकडेच चोच.

[दृश्य: तलावाचा विस्तार, पाण्यावर बदकांचे थवे.]

डभोई तालुक्यातला हा तलाव बडोदे संस्थानाने १९१० साली, सयाजीराव महाराजांच्या काळात, शेतीच्या पाण्यासाठी बांधला. २०२१ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला. थंडीत इथे थापट्या, तलवार बदक, गडवाल, चक्रांग उतरतात. लडाख-तिबेटकडचे, मध्य आशियातले चक्रवाकही येतात.

घरटं तिकडे, उंच पठारावरच्या कपारीत किंवा बिळात. मग इथे भांडण कशाचं? अंडी नाहीत, पिल्लं नाहीत. संस्कृत कवींना चक्रवाक दिसला तो रात्रभर विरहात झुरणारा. दिवसाउजेडी जोडीदारासाठी त्याची चाललेली ही धावपळ मला त्याहून जास्त भिडते. हिवाळ्यात नर राखतो ती मादीच्या भोवतालची जागा. ती चार हात सरकली की हद्दही चार हात सरकते.

[दृश्य: काठावर पालथा पडलेला छायाचित्रकार, बीनबॅगवर कॅमेरा.]

म्हणून फोटोत नुसता धावणारा नर आला तर गोष्ट अर्धीच राहते. फोकस नराच्या डोळ्यावर असू द्या, पण चौकट मादीला आणि घुसखोराला धरून ठरवा. तिघं एका रेषेत नसतात, म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ-आठच्या आसपास ठेवावं, तिघंही स्पष्ट येतात. शटर १/२००० सेकंद, कारण पंखांची फडफड त्याहून हळू शटरला पुसट होते. आणि एक्स्पोजर थोडं खाली ओढा. अंग गडद केशरी, पण पंख उघडले की आतला पांढरा पट्टा झळकतो, आणि तो एकदा जळला, म्हणजे जास्त उजेडाने नुसता पांढराफटक झाला, की त्यातले बारकावे परत आणता येत नाहीत. शटरवरचं बोट मात्र मादीच्या मानेकडे बघून दाबायचं. ती ताणली की नर निघालाच.

पक्ष्यांच्या माना एकदम वर झाल्या, सगळे तुमच्याकडे बघायला लागले, तर तुम्ही फार जवळ गेलात. तिथेच थांबा, हळूच मागे या. स्पीकरवर आवाज वाजवून भांडण लावून देणं तर मला मुळीच मान्य नाही. थंडीत त्या पक्ष्याला खाऊन-पिऊन परतीच्या प्रवासाची ताकद जमवायची असते.

[दृश्य: पावसाळा. शेताकडेची तळी, लव्हाळ्यात हळदीकुंकू बदक.]

जमिनीची खरी राखण बघायची तर पावसाळ्यात हळदीकुंकू बदकाकडे वळायचं. चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी लाल ठिपके. बारा महिने इथलंच. लव्हाळ्यातल्या घरट्याच्या जवळपासही फिरकू नका. मादी उठली की उघड्या अंड्यांवर कावळे टपलेले असतात.

मॅलार्डच्या या गोतावळ्यात तिघांचा पाठलाग प्रसिद्ध आहे. परकी जोडी उतरते, तिथला नर झेपावतो, तोही परक्या मादीवर, आणि तिचा जोडीदार मागून येतो. हवेत क्रम असा: पुढे मादी, मध्ये जागेचा धनी, शेवटी तिचा नर. हळदीकुंकू बदकांत नर-मादी जवळपास सारखेच दिसतात, उडताना चोचीचे ठिपके कोण बघणार? तेव्हा सलग फोटो घ्या, क्रम मोडू देऊ नका. पाठलाग पुष्कळ लांबपर्यंत जातो. तो संपल्यावर मधला पक्षी माघारी फिरून जिथे उतरतो, ती त्याची जागा.