हजार फुटांचं रीळ, बाइटमध्ये

पुण्यातला लॉ कॉलेज रस्ता. १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय याच रस्त्यावर आहे. जुने चित्रपट इथे जपले जातात आणि आता त्यांच्या डिजिटल प्रतीही तयार होतात.

फिल्मचा हिशोब फुटांचा. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा फ्रेम बसतात, म्हणजे हजार फुटांच्या रिळात सोळा हजार. सेकंदाला चोवीस फ्रेम या वेगाने ते अकरा मिनिटं चालतं. पण हेच रीळ स्कॅन करून साठवायचं, तर जागा किती लागेल?

एकच फ्रेम घेऊ. फोर-के स्कॅनमध्ये तिचे आडवे ४०९६ आणि उभे ३११२ ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग: लाल, हिरवा, निळा. रंगामागे दहा बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे दहा अंक; एकूण तीस. स्कॅन केलेली फ्रेम ज्या डीपीएक्स प्रकारच्या फाइलीत साठवतात, तिच्यात मात्र एका ठिपक्याला सहसा बत्तीस बिटांची जागा देतात. दोन बिट रिकामेच राहतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ठिपक्याला चार बाइट. आता गुणाकार करा: ५ कोटी ९ लाख ८७ हजार ८ बाइट. एका फ्रेमचे जवळपास ५१ एमबी, म्हणजे ५१ दशलक्ष बाइट!

तीच फाइल विंडोजवर उघडून पाहिली, तर आकार दिसतो ४८.६ एमबी. घाबरायचं कारण नाही, चित्रातला एक ठिपकाही कमी झालेला नाही. आपण दोनदा हजाराने भागलं, विंडोजने दोनदा १०२४ ने.

संगणकाची मेमरी दोनाच्या पटीत वाढते. दोनाचा दहावा घात १०२४, हजाराच्या अगदी जवळचा, म्हणून त्यालाच किलो म्हणायची सवय लागली. डिस्क बनवणारे मात्र सरळ हजारात मोजतात. हा गोंधळ मिटावा म्हणून १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १०२४ च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली. नावं चांगली आहेत, वापरायलाच हवीत. पण विंडोज आजही १०२४ ने भागून पुढे जीबीच लिहितं. मॅक २००९ पासून हजाराने भागतो.

किलोला हा फरक अडीच टक्क्यांच्या आत असतो, गिगाला सात टक्क्यांच्या वर जातो, टेराला जवळपास दहा. माप जितकं मोठं, तितकी चूक महाग.

पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, एक टीबीची डिस्क आणली, तर विंडोजवर ती ९३१ जीबी दिसते. दुकानदाराशी भांडू नका, बाइट पुरे एक लाख कोटी आहेत. आपल्या रिळाला लागतात ८१६ जीबी, हजाराच्या मापाने. ९३१ मधून ८१६ वजा केले, की उरतात ११५. हे उत्तर चूक आहे, कारण एक आकडा एका मापातला आणि दुसरा दुसऱ्या. दोन्ही हजाराच्या मापात आणा: १००० वजा ८१६, शिल्लक १८४ जीबी. दुसरं रीळ यात बसणार नाही, हे उत्तर दोन्हीकडून तेच. पण डिस्कच्या डिस्क मागवताना अशी वजाबाकी खरेदीचा सगळा अंदाज बिघडवते.

दोन तासांचा चित्रपट म्हणजे १०,८०० फूट, १,७२,८०० फ्रेम आणि ८.८ टीबी. आवाज अजून धरलेलाच नाही.

तो इंटरनेटवरून पाठवायचा झाला तर? लाइन शंभर एमबीपीएसची. यातला बी बिटचा, बाइटचा नव्हे, म्हणून आठने भागायचं: सेकंदाला साडेबारा एमबी. पूर्ण वेग एकदाही न ढळता मिळाला, तरी आठ दिवसांच्या वर जातात. आठने भागायचं राहिलं, तर हेच काम साधारण एका दिवसात उरकेल असं वाटतं आणि तशीच तारीख दिली जाते. इतका मोठा चित्रपट गावातल्या गावात द्यायचा असेल, तर बारा टीबीची डिस्क घेऊन माणूस पाठवावा. आणि डिस्कवरच्या चिठ्ठीत जीबी-टीबीच्या शेजारी पूर्ण बाइटसंख्या लिहावी. ती कुठल्याही संगणकावर तीच दिसते.