गोळी सोडू नका, सांधे हलते ठेवा

नमस्कार, श्रोतेहो.

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, केमो आणि रेडिएशन झालं, आता उरली रोजची एक छोटी गोळी. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन. पाळी गेलेल्या ज्या बायकांची गाठ हार्मोनवर वाढणारी असते, त्यांना ही गोळी निदान पाच वर्षं घ्यावी लागते, काहींना त्याहूनही जास्त. गोळीमुळे शरीरातलं इस्ट्रोजेन अगदी खाली येतं आणि गाठीचं खाद्य तुटतं. पण त्याच कारणानं सांधेही धरतात. सकाळी मूठ वळत नाही, कणीक मळताना बोटं दुखतात, जिन्यावर गुडघे बोलतात. जवळजवळ निम्म्या जणींना हा त्रास होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन महिन्यांत आणि दोन्ही बाजूंना सारखाच. वैतागून कितीतरी जणी डॉक्टरांना न सांगताच गोळी बंद करतात. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याचीच, कारण आजार परत येऊ नये म्हणून दिलेलं औषधच मध्येच तुटतं.

या दुखण्यावर व्यायामाचा उपयोग होतो, हे तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी दुखणी असलेल्या १२१ महिलांचा ‘होप’ नावाचा अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका गटानं वर्षभर आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोन वेळा वजनाचे व्यायाम केले. त्या गटात सगळ्यात तीव्र वेदनेचा आकडा २९ टक्क्यांनी उतरला. नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्या दुसऱ्या गटात तो जवळजवळ होता तिथेच राहिला.

आता करायचं कसं? सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच सुरुवात करा. दोन्ही मुठी हळू मिटा आणि बोटं पूर्ण उघडा, दहा वेळा. घोटे दोन्ही दिशांना गोल फिरवा. एकेक गुडघा वाकवून टाच गादीवरूनच आपल्याकडे ओढा आणि परत सरळ करा. मग हात दहा मिनिटं सोसवेल इतक्या कोमट पाण्यात ठेवून हेच बोटांचे व्यायाम केले, तर आखडलेपण लवकर सुटतं. एखादं बोट वाकल्यावर अडकून टक् करून सुटत असेल, तर मऊ चेंडू जोरात दाबू नका. दाबल्यानं बोट वाकवणाऱ्या स्नायूच्या दोरीवरचा ताण वाढतो. ते बोट डॉक्टरांना दाखवा.

चालणं दहा मिनिटांपासून सुरू करा. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासावर या, आठवड्यातून पाच दिवस. वेग असा हवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. चप्पल नको, मागून पाय धरणारे, मऊ तळाचे बूट घाला.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस सोडून. हाताची घडी घालून खुर्चीवरून उठा आणि सावकाश बसा. गुडघे आत वळू देऊ नका. जड जात असेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा. भिंतीपासून हातभर दूर उभं राहून, तळवे भिंतीला टेकवून कोपरं वाकवा आणि स्वतःला परत मागे ढकला. ओट्याला धरून टाचा उचला. अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे साधारण अर्धा किलो. ती हातात घेऊन कोपर वाकवा. प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा, आधी एकच फेरी, महिन्याभरात दोन, मग तीन. १२ वेळा सहज जमू लागलं की वजन थोडं वाढवा. श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा.

“दिवसभर घरकाम होतंच की, वेगळा व्यायाम कशाला?” हा प्रश्न नेहमी येतो. घरकामात त्याच सांध्यांवर तोच भार पुन्हा पुन्हा पडतो, स्नायूंची ताकद टप्प्याटप्प्यानं वाढत नाही. म्हणून ते या व्यायामाची जागा घेऊ शकत नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते पहिल्या उत्साहात. एकदम तासभर चालतात, दुसऱ्या दिवशी गुडघे सुजतात, आणि व्यायाम सुटतो. व्यायामानंतर थोडं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशीही ते वाढलेलंच असेल तर पुढच्या वेळी निम्मं करा. पूर्ण थांबू नका. या गोळीनं हाडंही विरळ होतात, म्हणून हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत हाडं कमजोर निघाली असतील तर कमरेतून खूप पुढे वाकणारे आणि झटक्यानं पिळणारे प्रकार टाळा.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातानं वजन उचलू नये, असं अजून खूप घरांत सांगतात. हळूहळू वाढवलेल्या वजनानं हाताची सूज वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. मात्र शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर आधी सर्जनची परवानगी घ्या. हात जड वाटला किंवा अंगठी, बांगडी घट्ट झाली, तर तिथेच थांबून दाखवा.

आणि हे दुखणं गोळीचंच आहे, असं समजून घरी बसू नका: एकाच जागी हाडात ठणका लागणं, रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, लाल होऊन गरम झालेला सांधा, पायातली ताकद अचानक जाणं. यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच दवाखान्यात जा. नेहमीचं दुखणं दोन-तीन महिने नेमानं व्यायाम करूनही कमी झालं नाही, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. या तीन गोळ्यांपैकी एक सोसली नाही तरी दुसरी सोसू शकते, आणि तो बदल तेच करून देतील.

नमस्कार.