मुद्दलाला हात न लावता

(दृश्य: पहाट, स्तवनिधीचा घाट, धुक्यातून वर येणारे ट्रक)

निपाणी मागं टाकली की महामार्ग चढाला लागतो. इथले लोक याला तवंदीचा घाट म्हणतात. उजव्या-डाव्या हाताला डोंगर आणि त्यांच्या कुशीत स्तवनिधीचं जैन क्षेत्र. यात्रेला इथं बैलगाड्या यायच्या. शिरोळ, हातकणंगले, चिकोडी, मिरज या भागांतून गाडीत चटई, भाकऱ्यांचं गाठोडं आणि पोरंबाळं घालून माणसं यायची.

ही माणसं कोण होती, ते आधी नीट ऐकून घ्या. जैन म्हटलं की पेढी, गादी, वखार डोळ्यांसमोर येते. कृष्णा-पंचगंगेच्या काठचा जैन मात्र बहुतेक करून शेतकरी. तंबाखू, हळद, शाळू. हातात नांगर, घरात मराठी किंवा कानडी, आणि शाळेचं तोंड पाहिलेला माणूस गावात एखादाच.

(दृश्य: मंदिराचं आवार, पायऱ्या, दगडी कट्टा)

1899 साली याच आवारात दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. आज तिला आपण दक्षिण भारत जैन सभा म्हणतो. आपल्या समाजाची मुलं शिकली पाहिजेत, आणि त्यासाठी लागणारा पैसा समाजानंच उभा केला पाहिजे, या एका गोष्टीसाठी ती माणसं जमली होती. त्यांच्यात कुरुंदवाडचा एक विशीतला तरुण होता, अण्णा बाबाजी लठ्ठे.

(दृश्य: कॅमेरा दगडी पायरीवर स्थिर. सकाळचं ऊन सरकत येतं.)

(दृश्य: कोल्हापूर, दसरा चौक. रहदारी. बोर्डिंगची इमारत.)

कोल्हापूरच्या दसरा चौकातून तुम्ही शंभर वेळा गेला असाल. पुढच्या वेळी थोडं थांबा. या चौकाच्या आसपास राजर्षी शाहू महाराजांनी जाती-जातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी करवली. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच साली दिगंबर जैन बोर्डिंग. पुढं वीरशैव, मुस्लिम, नामदेव समाजाची, आणि 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. महाराजांनी आधार दिला, पण चालवायची जबाबदारी ज्या-त्या समाजावर टाकली. आमच्या मते महाराजांची खरी दूरदृष्टी इथं दिसते.

आता खेड्यातल्या पोराच्या जागी उभं राहून पाहा. कोल्हापुरात हायस्कूल आहे, राजाराम कॉलेज आहे. फी कशीबशी भरता येईल. पण राहायचं कुठं? जेवायचं कुणाकडं? दिवा-बत्तीचं काय? शिक्षण अडायचं ते इथं. बोर्डिंगनं ही अडचण दूर केली. एक खोली, एक पंगत, सकाळची प्रार्थना आणि रात्री अभ्यासाला बसवणारं कुणीतरी.

(दृश्य: जुनी जमाखर्चाची वही. बोट ओळीवरून फिरतं.)

आणि शिष्यवृत्ती. अशा फंडाची रीत साधी असते, पण पाळायला कठीण. एखादा शेतकरी ऊस किंवा तंबाखू विकून आलेल्या पैशातले काही बाजूला काढतो, बहुधा गेलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या नावानं. ती रक्कम ठेवीत जाते. मुद्दलाला हात लावायचा नाही. वर्षाचं जे व्याज येईल, त्यातून मुलगा शिकवायचा. व्याज थोडं आलं तर थोडी मुलं. कितीही गरजू मुलगा दारात उभा असला तरी मुद्दल मोडायचं नाही, कारण त्या मुद्दलावर अजून न जन्मलेल्या मुलाचाही हक्क आहे. हे नियम ज्यांनी बसवले त्यांच्यातले कित्येक जण सहीपुरतं शिकलेले होते.

लठ्ठे या हिशेबात वाढले. ते एम. ए., एल्‌एल. बी. झाले. राजाराम कॉलेजात इंग्रजी शिकवलं. 1905 मध्ये जैन धर्माची ओळख करून देणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. आणि जैन बोर्डिंगचे अधीक्षक म्हणून मुलांची शिस्त, जेवण, अभ्यास, सगळं पाहिलं.

(दृश्य: बोर्डिंगचा व्हरांडा, दोरीवर वाळत घातलेले कपडे)

याच बोर्डिंगात कुंभोजचा एक दणकट पोरगा होता, भाऊराव पायगोंडा पाटील. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर, अस्पृश्यांत मिसळलास, आंघोळ करूनच पंगतीत बस, असं त्याला सांगण्यात आलं. तो नाही म्हणाला. अधीक्षक लठ्ठ्यांनी त्याला बोर्डिंगातून काढलं. आम्ही सभेची माणसं आहोत आणि हे इथं स्पष्ट सांगतो: तो निर्णय चूक होता आणि पोरगा बरोबर होता.

पुढची गोष्टही सांगायला हवी. 1914 साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण गाजलं. त्यात लठ्ठ्यांना गोवायचं घाटत होतं. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष दे म्हणून भाऊरावांवर दडपण आलं. ज्यानं आपल्याला बाहेर काढलं, त्याच्यावर सूड उगवायची आयती संधी होती. भाऊरावांनी कोठडी सोसली, छळ सोसला, जीव द्यायला निघाले, पण खोटं बोलले नाहीत. 1919 साली याच भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढं सारा महाराष्ट्र त्यांना कर्मवीर म्हणू लागला.

(दृश्य: ग्रंथालय. दोन जाड खंड. पान उलटताना.)

लठ्ठे पुढं बेळगावला वकिली करू लागले. ब्राह्मणेतर चळवळीत होतेच. शाहू महाराज गेल्यानंतर दोन वर्षांनी, 1924 साली, महाराजांचं दोन खंडांतलं इंग्रजी चरित्र त्यांनी प्रसिद्ध केलं. ही पानं जवळून पाहा. कागद पिवळा पडलाय, कडा मोडतायत, पण छपाई अजून स्वच्छ वाचता येते. त्याच दशकात राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले. ज्या गावानं त्यांना डांबर प्रकरणात पाहिलं होतं, त्याच गावचा कारभार त्यांच्या हाती आला.

(दृश्य: 1937 च्या मंत्रिमंडळाचं छायाचित्र. कॅमेरा सावकाश लठ्ठ्यांच्या चेहऱ्यावर.)

1937. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. गृहखातं कन्हैयालाल मुन्शींकडं, महसूल मोरारजी देसाईंकडं, आरोग्य आणि आबकारी डॉक्टर गिल्डरांकडं. अर्थखातं अण्णासाहेब लठ्ठ्यांकडं.

काँग्रेसनं दारूबंदीचा शब्द दिला होता. आणि दारूवरचं उत्पन्न तर सरकारी तिजोरीचा एक मोठा खांब. तो काढायचा आणि शाळा, दवाखानेही चालवायचे. 1939 च्या अंदाजपत्रकात लठ्ठ्यांनी शहरांतल्या स्थावर मालमत्तेवर वार्षिक भाडेमूल्याच्या शेकडा 10 इतका कर बसवला. मुंबईच्या घरमालकांत खळबळ उडाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि कर टिकला. 1 ऑगस्ट 1939 ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली.

ज्याच्याकडं आहे त्याच्याकडून घ्यायचं आणि ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पोचवायचं, हा हिशेब लठ्ठे मुंबईच्या सचिवालयात शिकले असतील असं आम्हाला वाटत नाही. तो त्यांच्या अंगात स्तवनिधीपासून होता.

महायुद्ध सुरू झालं, नोव्हेंबरात काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, दारूबंदीची ती घडी विस्कटली. 1950 साली अण्णासाहेब गेले. सांगलीत त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था आहे.

(दृश्य: पुन्हा बोर्डिंग. संध्याकाळ. मुलं सायकली लावतात.)

जून लागला की हे आवार भरतं. पत्र्याच्या पेटीची जागा चाकाच्या बॅगेनं घेतली आहे. बाप मात्र तसाच, टोपी हातात धरून कार्यालयाच्या दारात उभा. आत टेबलावर अर्जांचा गठ्ठा: गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड.

(दृश्य: जवळून. मुलाचा हात, निळं पेन, अर्जाचा रकाना.)

नाव. गाव. तालुका. पालकाचा व्यवसाय.

मुलगा लिहितो: शेती.

(पार्श्वध्वनी: पंगतीची घंटा. चित्र मिटत जातं.)